मामांचा जुना लॅपटॉप आणि लिनक्स मिंट, घाई न करता विंडोज सोडायचं कसं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याच्या आधीपासूनच मी कुठल्याही नातेवाइकाकडे गेलो की चहा यायच्या आधी लॅपटॉप पुढे येतो. "हे बघ रे जरा, तुमचा पीसी विंडोज ११ ला चालत नाही असं सांगतंय, म्हणजे आता फेकून द्यायचा का?" चवथीला गोव्यात फोंड्याला मामांकडे गेलो तेव्हापण तेच, बाहेर आरतीची तयारी, गणपतीवरची माटोळी (फळं-भाज्यांचा मांडव) बांधून झालेली, आणि मी आतल्या खोलीत नेवरी (करंजी) खात खात सेटिंग्ज उघडून बसलेलो. मामा देवस्थान कमिटीचे खजिनदार, लॅपटॉप ६ व्या जनरेशनचा आय-३, ४ जीबी रॅम, आत जुनी फिरणारी हार्डडिस्क. विंडोज ११ ला इंटेलची साधारण ८ वी जनरेशन किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं, त्यामुळे मामांचं मशीन धडधाकट असूनही त्या यादीत बसत नाही. बिघडलंय म्हणावं तर काहीच नाही, स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, फक्त चालू व्हायला लागतात चार मिनिटं.

एक आधीच सांगतो, घाईचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते अपडेटच्या सेटिंगमध्येच येतं. तेवढा वेळ वापरा. कारण लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, खरं काम त्याच्या आधीचं असतं आणि ते लोक करत नाहीत.

मी पण केलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या कॉम्प्युटरवर शनिवारी संध्याकाळी जोशात येऊन सगळं पुसून लिनक्स टाकलं, एकदम फास्ट झाला, आजूबाजूची पोरं बघायला आली, मी हवेत. मंगळवारी फोन, "अरे टॅली कुठे गेली?" मला माहीतच नव्हतं की घरात कोणी टॅली, ते हिशोबाचं सॉफ्टवेअर, वापरतं. डेटाचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण परत विंडोज टाकून, टॅली टाकून, हात जोडून आलो. तेव्हापासून माझा नियम झालाय, ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यात शेवटी बदलायची, आधी त्याच्यावर चालणारे प्रोग्रॅम बदलायचे, आणि ते विंडोजवर असतानाच.

आधी वही घ्या

पंधरा दिवस एक वही लॅपटॉपच्या बाजूला ठेवा आणि जे जे उघडाल ते लिहा. खरंच लिहा, डोक्यात ठेवू नका, कारण वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी डोक्यात राहत नाहीत. मामांच्या वहीत काय निघालं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल: व्हॉट्सॲप वेब, यूट्यूबवर भजनं आणि जुनी नाटकं, बँकेची साइट, इन्कम टॅक्सची साइट, एक्सेलमध्ये देवस्थानचा जमाखर्च, वर्डमध्ये जत्रेची पत्रिका, स्कॅनिंग, प्रिंटिंग, आणि कुळाच्या कुठल्यातरी जुन्या जमिनीच्या कागदांचे पीडीएफ. हे सगळं लिनक्सवर आरामात चालतं. ब्राउझरमध्ये जे चालतं ते जवळपास सगळं तिथे तसंच चालतं, कारण फायरफॉक्स तोच, क्रोम तोच.

आता जे चालत नाही ते पण स्पष्ट बोलू, कारण नंतर शिव्या मला पडतात. टॅली विंडोजसाठीच बनतं. बार, गेस्ट हाऊस, किराणा दुकान, ज्याचा हिशोब टॅलीवर आहे त्याने ते मशीन विंडोजवरच ठेवावं, आडमार्गाने चालवायचे उपाय आहेत पण जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी त्या भानगडी कोणाला हव्यात. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरून टेंडर भरणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर लोकांचं पण तेच, टोकनचा ड्रायव्हर (ते ओळखून चालवणारा छोटा प्रोग्रॅम) मिळाला तरी पोर्टलची सही करायची युटिलिटी बऱ्याचदा विंडोज धरूनच बनवलेली असते. फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांचा कोरल ड्रॉ, आर्किटेक्टचं ऑटोकॅड, फोटोग्राफरचा फोटोशॉप, हे पण येत नाही. त्यांच्या जागी इंकस्केप आणि गिंप हे फुकट प्रोग्रॅम आहेत, चांगले आहेत, पण दहा वर्षं कोरलवर हात बसलेल्या माणसाला "तेच आहे हो" असं सांगणं म्हणजे थाप. अशा माणसाने एकतर विंडोज ठेवावं नाहीतर दोन्ही ठेवावं.

आणि एक खास आपल्या मराठीवाल्यांचा घोळ, जुने फाँट. श्रीलिपी, आयएसएम, असल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फायली प्रत्येक देवस्थानात, भजनी मंडळात, नाट्यमंडळात पडलेल्या आहेत. हे फाँट युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, आत इंग्लिश अक्षरंच असतात आणि वरून मराठीचा मुखवटा. मुखवटा काढला की खाली सगळी गिचमिड. मामांच्या १५ वर्षांच्या पत्रिका अशाच. उपाय असा की विंडोज जिवंत आहे तोपर्यंत सगळ्या महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करून ठेवा, आणि पुन्हा एडिट कराव्या लागतील अशा फायलींचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, असे कन्व्हर्टर ऑनलाइन फुकट मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्याखालून घाला. हे कंटाळवाणं काम आहे, आम्हाला दोन रविवार गेले, पण लिनक्सवर नाही गेलात तरी कधीतरी करावंच लागणार होतं.

वही झाली की विंडोजवरच लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखंच, फुकट) टाका आणि महिनाभर एमएस ऑफिस उघडायचं नाही असं ठरवा. मामांनी पहिल्या दिवशी तीन वेळा फोन केला, दुसऱ्या आठवड्यात एकदा, नंतर बंद. एक्सेलच्या फायली उघडतात, साधी सूत्रं चालतात, मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) भरलेल्या शीट मात्र त्रास देतात. बाहेर पाठवायची फाइल असेल तर सेव्ह करताना डॉक्सएक्स (वर्डचा प्रकार) निवडा, आणि समोरच्याला फक्त वाचायचीच असेल तर सरळ पीडीएफ पाठवा, पत्रिकेची मांडणी हलत नाही. ईमेल आउटलुकमध्ये असेल तर थंडरबर्डवर जा, व्हिडिओ व्हीएलसीमध्ये बघा. हे सगळे प्रोग्रॅम लिनक्सवर पण हेच असतात, त्यामुळे शेवटी जेव्हा खालची सिस्टीम बदलते तेव्हा माणसाला फक्त भिंतीचा रंग बदलल्यासारखं वाटतं, भांडी जिथल्या तिथे.

मिंटच का

लिनक्स हे खरं म्हणजे आतलं इंजिन, लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं, आणि त्याच्यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या बॉडी बसवल्या त्यांना डिस्ट्रो म्हणतात. शेकडो आहेत आणि नवीन माणूस इथेच अडकतो, आठवडाभर तुलना वाचत बसतो. मी सरळ सांगतो, लिनक्स मिंट घ्या. २००६ पासून आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला दहा मिनिटांत घरचं वाटतं. सध्याची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. फुकट आहे, लोकांच्या देणग्यांवर चालतं.

मिंटमध्ये तीन प्रकार दिसतील, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. ८ जीबी रॅम असेल तर डोळे मिटून सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई, मातेचं काय ते नंतर बघा. अगदीच विंडोज ११ सारखं दिसायला हवं असेल तर झोरिन नावाचा डिस्ट्रो पण चांगला आहे. आणि कॉलेजमधला कोणी भाचा "आर्च टाका" म्हणाला, म्हणजे जाणकारांचा अवघड डिस्ट्रो, तर त्याला नेवरी द्या आणि बाहेर पाठवा.

पेन ड्राइव्ह

मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एका फायलीत) उतरवायची, साधारण ३ जीबीच्या आसपास असते. सत्तरीत किंवा पेडण्याच्या आतल्या गावात दिवसाच्या दीड-दोन जीबी डेटावर असाल तर टॉरेंटने उतरवा, अर्ध्यावर तुटलं तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. फाइल उतरली की तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा लांब आकडा) जुळवा, ही पायरी सगळे टाळतात. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ नावाचा चेकसम काढता येतो, तो साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पूर्ण आकडा वाचायची गरज नाही, पहिले आठ आणि शेवटचे आठ बघितले तरी अर्धवट उतरलेली फाइल पकडली जाते. उगीच सांगत नाही, फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइट हॅक होऊन एक दिवस लोकांना भलतीच आयएसओ मिळत होती. म्हणून चेकसम नेहमी मूळ साइटवरूनच आणि शक्यतो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

मग ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यात काही नको असलेलंच असू दे कारण सगळं पुसलं जाणार. बलेना एचर नावाचा प्रोग्रॅम घ्या, त्यात फाइल निवडा, पेन ड्राइव्ह निवडा, फ्लॅश दाबा, झालं. नुसती आयएसओ कॉपी-पेस्ट करून चालत नाही, हे दर वेळी कोणीतरी करतंच. झाल्यावर विंडोज कधीकधी विचारतं की हा ड्राइव्ह वाचता येत नाही, फॉर्मॅट करू का, तिथे नको म्हणा, हो म्हटलं की केलेलं सगळं पाण्यात.

आता लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावून चालू करताना बूट मेनूची की दाबायची. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, एसरला एफ१२ पण आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तो मेनू चालू करावा लागतो, असुसला एस्केप. की एकदा दाबून वाट बघू नका, पॉवर बटण दाबलं की टकटक टकटक दाबत राहा. यादीत पेन ड्राइव्ह दिसला की तो निवडा आणि दोनेक मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप समोर.

इथे काहीही इन्स्टॉल झालेलं नसतं. हे सगळं पेन ड्राइव्हवरून चाललंय, तुमचं विंडोज जसंच्या तसं आत झोपलेलं आहे. आणि हीच लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, साडी दुकानात नेसून बघता येते. म्हणून इथे अर्धा तास नीट घालवा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, यूट्यूब फुल स्क्रीन करून बघा, ब्राइटनेसच्या की, वेबकॅम, ब्लूटूथ, झाकण बंद करून उघडलं की परत जागा होतो का. प्रिंटर वायर लावून एक पान काढा. एचपीचे बरेच प्रिंटर लावल्या लावल्या ओळखले जातात, वायफायवाले नवीन प्रिंटर पण बहुतेक चालतात, पण काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर, विशेषतः झेरॉक्सच्या दुकानात दिसतात तसले, लिनक्सवर फार रडवतात. तुमचा त्यातला निघाला तर आत्ताच कळलेलं बरं. पेन ड्राइव्हवर चालताना सगळं थोडं हळू असतं, ते मनावर घेऊ नका.

वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका, अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा, इंटरनेट लगेच येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. आणि स्क्रीन काळी राहिली, मुख्यतः एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर, तर पुन्हा सुरू करून पहिल्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड निवडा.

इन्स्टॉल करताना

माझा सल्ला, आणि यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे, जुन्या लॅपटॉपमध्ये नवीन एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला आणि तिच्यावर मिंट टाका. जुनी हार्डडिस्क काढून कपाटात. एकाच डिस्कचे दोन तुकडे करून दोन्ही सिस्टीम ठेवता येतात पण त्यात विंडोज अपडेट झालं की काय होईल, जागा पुरेल का, ही धाकधूक राहते. वेगळी डिस्क असली की काही चुकलं तर स्क्रू काढा, जुनी लावा, काल होतं तसं विंडोज परत. आणि खरं सांगू का, लॅपटॉप फास्ट झाला म्हणून लोक लिनक्सचे गोडवे गातात त्यातलं अर्धं श्रेय एसएसडीचं असतं. मामांच्या लॅपटॉपला २५६ जीबीची अडीच इंची एसएसडी आणि ४ जीबी जादा रॅम घातली. घेताना तुमच्या मॉडेलला अडीच इंची साटा लागते का एम.२ ते बघा, रॅमपण डीडीआर३ का डीडीआर४ ते बघा. स्वतः उघडायची हिंमत नसेल तर म्हापशा-फोंड्यात कुठल्याही रिपेअरवाल्याकडे हे दहा मिनिटांचं काम आहे, स्वतः उघडलात तर आधी बॅटरीची वायर काढा.

एकाच डिस्कवर दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजमध्ये तीन गोष्टी करून या. पहिली, सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि डेस्कटॉपवर पडलेल्या फायली विसरू नका, आपल्याकडे सगळा संसार डेस्कटॉपवरच असतो. दुसरी, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा, नवीन लॅपटॉपवर न विचारता चालू असतं, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि मग ते बंद करा. तिसरी, पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. मग लिनक्ससाठी निदान ५० जीबी जागा द्या, १०० असेल तर उत्तम.

आणि पावसाचे दिवस असतील आणि डेस्कटॉप पीसी असेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका. आमच्याकडे जूनमध्ये एक गडगडाट झाला की लाइट गेलीच, आणि डिस्कचे तुकडे पाडत असताना लाइट जाणं म्हणजे काय ते मी एकदा अनुभवलंय. लॅपटॉप असेल तर चार्ज करून घ्या.

आता डेस्कटॉपवर इन्स्टॉलचा आयकॉन आहे तो डबल क्लिक. भाषा विचारेल, मराठी पण यादीत असते, पण मी मामांना इंग्लिशच ठेवलं कारण काही अडलं आणि मला फोन केला तर दोघांना एकच शब्द दिसले पाहिजेत. कीबोर्ड साधा इंग्लिश यूएस चालतो, पण रुपयाचं चिन्ह वारंवार लागत असेल तर इंग्लिश इंडिया विथ रुपी निवडा, मग उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं, पावत्या करणाऱ्यांना सोयीचं. मल्टीमीडिया कोडेकच्या चौकोनात टिक करा, गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात. मग सगळ्यात महत्त्वाचा पडदा, डिस्क पुसून इन्स्टॉल का विंडोजच्या बाजूला इन्स्टॉल. नवीन एसएसडी असेल तर पुसा, पण कुठली डिस्क निवडली आहे ते जीबीच्या आकड्यावरून दोनदा बघा. बाजूला इन्स्टॉल हा पर्याय दिसलाच नाही तर थांबा, बहुतेक बायोसमध्ये डिस्कचं सेटिंग रेड किंवा आरएसटीवर आहे आणि मिंटला डिस्क दिसत नाहीये, अंदाजाने पुढे जाऊन पुसा वर क्लिक करू नका.

पुढे नकाशा येतो, गोव्यावर बोट ठेवलं तरी नाव कोलकाता येईल, बरोबर आहे ते, भारताची वेळ त्याच नावाने नोंदवलेली आहे. मग नाव आणि पासवर्ड. हा पासवर्ड प्रत्येक अपडेटला, प्रत्येक नवीन सॉफ्टवेअरला लागणार, त्यामुळे लक्षात राहील असा ठेवा आणि डायरीत लिहा. एसएसडीवर वीसेक मिनिटांत काम होतं. शेवटी पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबा म्हणतं, तेवढं केलं की आटोपलं.

पहिला आठवडा

पहिलं काम अपडेट मॅनेजर, खालच्या पट्टीत ढालीसारखा आयकॉन असतो. दुसरं ड्रायव्हर मॅनेजर. एनव्हिडियाचा ड्रायव्हर घेतलात आणि सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असेल तर तो एक पासवर्ड बनवायला सांगतो आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक तो पडदा बघून घाबरून कंटिन्यू दाबतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून लिनक्सला नावं ठेवतात.

तिसरं टाइमशिफ्ट. हे सिस्टीमचा फोटो काढून ठेवतं, उद्या अपडेटने काही बिघडलं तर कालच्या फोटोवर परत जाता येतं. पण नीट ऐका, टाइमशिफ्ट तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप घेत नाही, फक्त सिस्टीमचा. जमाखर्चाची कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवायची जबाबदारी आधी होती तशीच आहे. फायरवॉल पण मेनूत असते, बंद असते, एक बटण दाबून चालू करा.

सॉफ्टवेअर हवं असेल तर गूगलवर शोधून एक्झे फाइल उतरवायची सवय सोडा, इथे सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, फोनच्या प्ले स्टोअरसारखं. क्रोम मात्र गूगलच्या साइटवरून डेब फाइल (मिंटसाठीची इन्स्टॉल करायची फाइल) घेऊन टाका, झूमचं पण तसंच. व्हॉट्सॲपसाठी मिंटमध्ये वेब ॲप्स नावाचं छान हत्यार आहे, साइटचा पत्ता दिला की तिचा स्वतंत्र आयकॉन मेनूत येतो आणि वेगळ्या खिडकीत उघडते. मामांना वाटतं व्हॉट्सॲप इन्स्टॉल केलंय, मी पण काही बोललो नाही. शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकणारी पोरं घरात असतील तर स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं आणि आर्डुइनोचा प्रोग्रॅम लिनक्ससाठी वेगळा मिळतोच.

मराठी टायपिंग. सीडॅकचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ज्याला येतो त्याचं काम सोपं, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जाऊन अधिकचं चिन्ह दाबा, मराठी शोधा, जोडा, आणि तिथेच भाषा बदलायची की ठरवा. कोकणी देवनागरीत लिहिणाऱ्यांचं पण यात भागतं. इंग्लिश अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन घ्या, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि मराठी आयट्रान्स किंवा फोनेटिक जोडा. गूगलचं जुनं टूल वापरलेल्यांना पहिले दोन दिवस वैताग येईल कारण आयट्रान्स अंदाज बांधत नाही, जे लिहाल तेच उमटवतं, ण साठी कॅपिटल एन आणि ळ साठी कॅपिटल एल हे लक्षात ठेवलं की हात बसतो. आणि मोठी पत्रिका असेल तर फोनवर बोलून टाइप करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा, मामा हेच करतात, मी एवढं शिकवलं ते गेलं कुठे देव जाणे.

लिबरऑफिसमध्ये देवनागरी फाँट वेगळा ठरवायचा असतो, ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी द्या, मग फाँटच्या पानावर नोटो किंवा लोहित निवडा. हे नाही केलं तर प्रत्येक नव्या फायलीत मराठी अक्षरं भलत्याच आकारात येतात आणि माणूस वैतागतो.

मामांचा पहिला प्रश्न होता सी ड्राइव्ह कुठे गेला. इथे सी, डी असलं काही नाही, होम नावाचं एक घर आहे आणि त्यात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स वगैरे खोल्या. जुन्या पेन ड्राइव्ह सगळ्या उघडतात. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टीम असतील तर विंडोजचा भाग पण फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला दिसतो.

दोन्ही ठेवणाऱ्यांना आणखी एक गंमत दिसेल, लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. बॅटरी गेली म्हणून दुकानात जाऊ नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोजला वाटतं ती इथलीच वेळ आहे, आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये सिंक दाबलं की तेवढ्यापुरतं ठीक होतं.

आणि ती काढलेली जुनी हार्डडिस्क. तिला लगेच फॉर्मॅट करून "जादा स्टोरेज" बनवू नका, निदान एक वर्ष तशीच ठेवा. यूएसबीची केस मिळते, तिच्यात घातली की जुन्या फायली कधीही मिंटमध्ये उघडता येतात. आपल्याकडची हवा अशी की पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेला पण बुरशी येते, म्हणून डिस्क झिप पिशवीत, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि वर तारीख लिहा. मामांनी त्यावर मार्करने "विंडोज, हात लावू नये" असं लिहून देवस्थानच्या पावतीपुस्तकांच्या ट्रंकेत ठेवलीय, आणि मागच्या जत्रेच्या आधी एकदा काढली, २०११ ची देणगीदारांची यादी तिच्यातच राहिली होती.